बॅक्टेरियात तयार केलेलं मानवी एन्झाइम प्रयोगासाठी भरवशाचं असतं का? बाटलीवर '95 टक्के शुद्ध' असं लिहिलंय.

95 टक्के शुद्ध, ठीक. पण चालतं किती? ते बाटलीवर नसेल, तर विकणाऱ्याला आधी तेवढं विचारा.

पीएचडी करताना आम्ही मानवी कार्बोनिक ॲनहायड्रेज-2 हे एन्झाइम ई. कोलाय या बॅक्टेरियात तयार करायचो. आपल्या तांबड्या पेशींत असतं, तेच. त्याच्या गाभ्यात तीन हिस्टिडीननी (हे एक अमिनो आम्ल) धरून ठेवलेला झिंकचा अणू असतो. तो नाही, तर काम नाही. म्हणून आयपीटीजी (बॅक्टेरियाला प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) घालताना कल्चरमध्ये झिंक सल्फेटही घालावं, असं मी म्हणायचो. सीनिअर म्हणायचे, "एलबीत असतं तेवढं पुरतं." एलबी म्हणजे बॅक्टेरिया वाढवायचं पोषक द्रावण. त्यांचं जेल (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून बघायची चाचणी) देखणं आलं, 29 किलोडाल्टनच्या (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास एकच ठसठशीत बँड. फोटो सगळ्यांना दाखवून झाला. पी-नायट्रोफिनाइल ॲसिटेट (एन्झाइम चालत असेल तर तुटून पिवळा रंग देणारं रसायन) घातलं, तर पिवळा रंग चढेचना. मग दोष त्या रसायनाचा, मग क्युव्हेटचा (नमुना ठेवायच्या कुपीचा), शेवटी रंग मोजणाऱ्या बिचाऱ्या स्पेक्ट्रोचा. मी त्यांच्याच नळीतलं थोडं प्रोटीन घेऊन झिंक घातलं आणि रीडिंग भराभर वर गेलं. वाद नको म्हणून एन्झाइमशिवाय नुसत्या झिंकचा ब्लँक लावला, ॲसिटाझोलामाइड या, हे एन्झाइम अडवणाऱ्या औषधाने क्रिया थांबते हेही दाखवलं. तरी मीटिंगमध्ये काय ऐकावं लागलं? "प्रोटीन शुद्धच होतं ना!" होतं की. शुद्ध आणि निकामी. अहो, एसडीएस या डिटर्जंटने प्रोटीन उलगडूनच आपण ते जेलवर चढवतो, तिथे झिंक आहे की नाही कसं दिसणार?

बॅक्टेरियाला मात्र उगाच नावं ठेवू नका. या एन्झाइमला ना साखरेच्या साखळ्या लागतात, ना डायसल्फाइड बंध (प्रोटीनमधले गंधकाचे सांधे). ई. कोलाय ते व्यवस्थित घडवतो.

हां, तुमचं एन्झाइम कुठलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच कुटुंबातल्या कार्बोनिक ॲनहायड्रेज-4 मध्ये डायसल्फाइड बंध आहेत, तिथे माझं वरचं बोलणं लागू नाही. जिवंत पेशींवर टाकणार असाल, तर एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या आवरणातलं विष) किती आहे तेही विचारा. आणि झिंक घालून बघणार असाल, तर बफर ट्रिसचा घ्या, फॉस्फेटमध्ये गाळ बसतो.

आमच्या लॅबच्या प्रोटोकॉलमध्ये झिंक सल्फेट नंतर आलं. कोणाच्या सांगण्यावरून, ते तिथे कोणी लिहिलेलं नाही.