‘चरित्र अभिनेता’ म्हणजे नेमका कोण?

विचारणा अशी आहे: बुजुर्ग नटाच्या निधनाच्या बातमीत ‘ज्येष्ठ चरित्र अभिनेते’ असे छापून येते. हा शब्द मराठीत बरोबर आहे का? त्याऐवजी ‘सहाय्यक अभिनेता’ लिहिले तर चालेल का? आणि लिहायचाच झाला तर जोडून लिहायचा की तोडून?

शब्द अशुद्ध नाही. पण मराठी वाचकाला तो भलतीकडे नेतो, म्हणून मराठी नटाबद्दल लिहिताना तो टाळावा असे मला ठामपणे वाटते.

मराठीत ‘चरित्र’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती एखाद्याची जीवनकथा. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’पासून हा अर्थ आपल्याकडे पक्का बसला आहे. चरित्रकार, चरित्रग्रंथ, आत्मचरित्र ही सगळी त्याच घरातली माणसे. ज्याचे चरित्र लिहायचे तो चरित्रनायक. थोर व्यक्तीच्या आयुष्यावरचा चित्रपट तो चरित्रपट. मग ‘चरित्र अभिनेता’ वाचल्यावर मराठी कानाला काय वाटणार? चरित्रपटात काम करणारा नट! त्या हिशेबाने हे बिरुद ‘बालगंधर्व’ (२०११), ‘लोकमान्य’ (२०१५) आणि ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ (२०१८) करणाऱ्या सुबोध भावे यांना द्यावे लागेल. बातमी लिहिणाऱ्याला ते अभिप्रेत नसते; त्याला म्हणायचे असते नायकाखेरीजच्या ठसठशीत भूमिका करणारा नट.

हा शब्द आला हिंदीतून. हिंदीत जीवनकथेला ‘जीवनी’ हा वेगळा शब्द रूढ आहे, त्यामुळे ‘चरित्र’ला तिथे दुसरी दोन कामे करता आली: कथानाटकातले पात्र आणि माणसाचे आचरण. कथेतल्या पात्राच्या रंगवणीला हिंदी समीक्षक ‘चरित्र-चित्रण’ म्हणतात, आपण व्यक्तिचित्रण किंवा स्वभावरेखन म्हणतो. आचरणासाठी आपण ‘चारित्र्य’ वेगळे काढले. बंगालीतही ‘चरित्र’ म्हणजे पात्र, त्यामुळे तिथे ‘चरित्राभिनेता’ सहज उमगतो. म्हणजे हिंदी-बंगालीत जो शब्द सरळ बोलतो, तो मराठीत येऊन अडखळतो.

आता हा नट असतो तरी कोण? नायकाच्या चेहऱ्यासाठी आणि देखणेपणासाठी लोक तिकीट काढतात, तो हा नव्हे. हा पडद्यावर एक विशिष्ट माणूस आणतो: त्याची चाल, बोली, अंगची खोड, वयाचा थकवा, सत्तेचा माज. निळू फुले यांच्याकडे पाहिले की व्याख्येची गरज उरत नाही. पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नाव झाले आणि अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून (१९६८) ते पडद्यावर आले. त्यातला झेलेअण्णा लोकांनी असा उचलला, की पुढची अनेक वर्षे पाटील, सरपंच, साखरसम्राट म्हटले की निळूभाऊच. पण एका साच्यात बसवले गेलेले हे पाटील कधीही एकसारखे झाले नाहीत. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे-पाटील आठवा. तो ओरडत नाही, मास्तरांशी (श्रीराम लागू) आदबीने बोलतो, आणि त्या आदबीचीच भीती वाटते. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. चारच वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये (१९७९) त्याच नटाने दिगू टिपणीस हा पत्रकार केला. सत्तेच्या आतला माणूस करणारा नट आता सत्तेचा खेळ बाहेरून बघत होता, आणि ते बघता बघता दिगू आतून मोडत गेला. आवाज तोच, तरी हिंदुरावाची सावलीसुद्धा दिगूवर पडत नाही. माझ्या मते मराठी पडद्यावर एका नटाने मारलेली ही सर्वांत लांबची मजल आहे.

‘चरित्र’ शब्दाचा दुसरा घोटाळाही निळूभाऊंच्याच बाबतीत दिसतो. खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना खरोखरच वाईट चालीचा माणूस समजत. प्रत्यक्षात हा माणूस आयुष्यभर सामाजिक चळवळीत राहिला; अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आणि डॉ. श्रीराम लागूंसोबत सामाजिक कृतज्ञता निधीच्या उभारणीत त्यांचा हात होता. पडद्यावरचा स्वभाव एक आणि माणसाचे चारित्र्य दुसरे, हा भेद ज्यांच्या बाबतीत सांगावा लागे, त्यांच्याच नावामागे ‘चरित्र’ लावणे मला खटकते. १३ जुलै २००९ रोजी ते गेले. त्यांच्यासाठी ‘ज्येष्ठ अभिनेते’ एवढे पुरेसे होते.

‘साहाय्यक अभिनेता’ हा पर्याय नाही. (शुद्ध रूप ‘साहाय्यक’ किंवा ‘सहायक’, ‘सहाय्यक’ कितीही छापला जात असला तरी चूक.) ती पुरस्काराची वर्गवारी आहे. फिल्मफेअरने ती १९५५ पासून लावली आणि पहिला मान मिळाला ‘बूट पॉलिश’ या हिंदी चित्रपटातल्या जॉनचाचाबद्दल डेव्हिड यांना. हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू) समाजातले. जॉनचाचाने त्या कथेत कोणाला ‘साहाय्य’ केले म्हणायचे? कथेतल्या दोन अनाथ भावंडांइतकाच तो चित्रपट त्याचाही आहे. ‘साहाय्यक’ शब्द भूमिकेचे स्थान सांगतो, अभिनयाची जात सांगत नाही. ‘सामना’त मास्तर आणि हिंदुराव यांच्यात कोण कोणाचा साहाय्यक, हे ठरवून दाखवावे.

मग लिहायचे काय? सेटवरची मंडळी सरळ ‘कॅरेक्टर आर्टिस्ट’ किंवा ‘कॅरेक्टर रोल’ म्हणतात. बोलण्यात त्यात काहीच गैर नाही. मराठीची जुनी रीत मात्र मला अधिक आवडते: नटाला त्याच्या कामावरून ओळखणे. संगीत नाटकांत राजापार्ट आणि स्त्रीपार्ट करणारे असत, तमाशात सोंगाड्या आणि मावशी. आजही घरात कोणी ‘चरित्र अभिनेत्री’ म्हणत नाही. ‘सासवा करायची ती’, ‘आईची कामे करायच्या त्या’ असेच म्हणतात. ललिता पवार म्हटले की सासू किंवा ‘रामायण’ मालिकेतली मंथरा, सुलोचनाबाई म्हटले की आई. दोघीही आधी नायिका होत्या. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या एका जोरदार थपडेने ललिताबाईंच्या चेहऱ्याचा काही भाग लुळा पडला, डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची वाट तिथे बंद झाली, आणि त्याच डोळ्याच्या बळावर त्यांनी पुढची चाळीसहून अधिक वर्षे पडदा गाजवला. ही कहाणी ‘चरित्र अभिनेत्री’ या दोन शब्दांत मावत नाही. ‘खाष्ट सासूच्या भूमिका अजरामर करणाऱ्या’ म्हटले की निदान चेहरा समोर येतो.

आपल्याकडे ‘व्यक्तिरेखा’ हा नेमका शब्द आहे आणि त्याला जोडीला क्रियापदेही भरपूर: व्यक्तिरेखा रंगवली, उभी केली, साकारली, भूमिका वठवली. ‘अनेक व्यक्तिरेखा जिवंत करणारे ज्येष्ठ अभिनेते’ हे बातमीच्या पहिल्या ओळीत सुखाने बसते. मथळ्यात जागा नसेल तर ‘ज्येष्ठ अभिनेते’ आणि पोटमथळ्यात गाजलेली भूमिका. ‘स्वभावरेखना’च्या धर्तीवर कोणी ‘स्वभावनट’ सुचवेल, पण तो ‘स्वभावतःच नट’ असाही वाचला जाईल, म्हणून मी त्याच्या बाजूने नाही.

हिंदी चित्रपटसृष्टीबद्दल लिहिताना तिथली रूढ संज्ञा म्हणून ‘चरित्र अभिनेता’ ठेवायला माझी हरकत नाही. आता जोडून की तोडून. मराठीच्या नियमाप्रमाणे सामासिक शब्द जोडून लिहायचा, आणि दोन्ही पदे संस्कृत असल्याने संधी होऊन ‘चरित्राभिनेता’ हे रूप होते, जसे बंगालीत आहे. तोडून लिहिणे ही हिंदीची सवय. तेव्हा हिंदी संज्ञा म्हणून वापरत असाल तर तोडून, अवतरणचिन्हांत. मराठी शब्द म्हणून वापरायचा असेल तर जोडून.