चर्च ऑफिसची किल्ली हाती घेताना

प्रिय बेटा,

जय ख्रिस्त. फादरांनी ऑफिसची जबाबदारी तुला दिली, फार बरं वाटलं. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. कॉम्प्युटर, व्हॉट्सॲप ग्रुप, बुलेटिन हे सगळं नंतर बघ. आधी लोखंडी कपाट उघड आणि रजिस्टरं टेबलावर काढ: बाप्तिस्मा, पहिलं कम्युनियन (पहिला पवित्र प्रसाद), दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणारा संस्कार), लग्न, मृत्यू. चर्चच्या रोजच्या कारभारात चुकलेली बहुतेक कामं दुरुस्त करता येतात. रजिस्टरात न झालेली नोंद मात्र वीस-पंचवीस वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात किंवा पासपोर्टात आडवी येते, आणि तोवर विचारायला कुणी उरलेलं नसतं.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत काय हवं ते पाठच कर: बाळाचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ, आईवडिलांची पूर्ण नावं, गॉडफादर-गॉडमदर म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, बाप्तिस्म्याची तारीख आणि ठिकाण, संस्कार देणाऱ्या धर्मगुरूंचं नाव. नोंद त्याच दिवशी कर आणि फादरांची सही लगेच घे. सर्वांत जास्त घोळ नावात होतो. महापालिकेचा जन्मदाखला पुष्कळदा नावाशिवायच निघतो, कारण नाव नंतर घालता येतं. इकडे बाप्तिस्म्यात बाळाचं नाव अँथनी ठेवतात, तिकडे आजोबा शाळेत अमोल लिहून येतात. मग एकाच माणसाची दोन नावं होतात आणि तो एकच आहे हे सांगणारा एकही कागद नसतो. म्हणून फॉर्म भरतानाच विचार, 'शाळेत नाव काय घालणार?' आणि दोन्ही नावं एकत्र लिही: अमोल अँथनी. स्पेलिंग आईवडिलांच्या आधार कार्डावरून घे, कानावरून नको. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका जादा अक्षरासाठी लोकांना गावाहून दोन-दोन खेपा माराव्या लागतात.

गॉडपेरेंट कॅथलिक, दृढीकरण झालेला आणि साधारणपणे सोळा वर्षं पूर्ण झालेला हवा. आपल्याकडे एकाच घरात अर्धे कॅथलिक आणि अर्धे सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे असतात. प्रोटेस्टंट मामाला उभं राहायचं असेल तर नाही म्हणू नकोस. एक कॅथलिक गॉडपेरेंट सोबत असला की मामा साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. फक्त रजिस्टरात त्याचं नाव साक्षीदार म्हणूनच लिही.

प्रत्येक नोंदीशेजारी शेऱ्यासाठी जागा सोडलेली असते. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातला सगळ्यात मोलाचा भाग तोच. त्या माणसाचं पुढे दृढीकरण झालं, लग्न झालं, तो धर्मगुरू झाला, तर ते मूळ बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी लिहिलं गेलंच पाहिजे. म्हणूनच लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला मागतात. घरच्या ट्रंकेत जपून ठेवलेला जुना दाखला खरा असतो, पण तो निघाल्यानंतर काय घडलं हे त्यावर दिसत नाही. हे लोकांना नीट समजावून सांग. नाहीतर त्यांना वाटतं, ऑफिसवाले उगाच हेलपाटे घालायला लावतात.

नाशिकमध्ये राहणारी आपली कितीतरी कुटुंबं श्रीरामपूर, राहाता, संगमनेर, नेवासा या भागांतून आलेली. त्यांची बाप्तिस्म्याची नोंद गावच्या चर्चमध्ये असते. त्या ऑफिसला पत्र पाठवताना वडिलांचं नाव, अंदाजे वर्ष आणि वस्ती जरूर लिही. नुसत्या 'सुनील' या नावावर तिथे काही सापडायचं नाही. जुन्या दाखल्यावर पुणे धर्मप्रांताचं (एका बिशपांच्या अधिकाराखालच्या प्रदेशाचं) नाव दिसलं तर गोंधळू नकोस. नाशिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी वेगळा झाला, त्याआधी हा भाग पुण्याकडेच होता.

चूक सापडली तर खाडाखोड करायची नाही आणि व्हाइटनर तर मुळीच लावायचा नाही. पुराव्याचे कागद घेऊन फादरांमार्फत बिशप हाऊसकडे, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाकडे अर्ज जातो. परवानगी आली की शेऱ्याच्या जागी दुरुस्ती, परवानगीच्या पत्राची तारीख आणि फादरांची सही. मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे. शिक्का फादरांच्या ताब्यात राहू दे, आणि कोऱ्या लेटरहेडवर शिक्का कुणी कितीही घाईत मागितला तरी मारू नकोस.

आता लग्नाचं. लोक आधी गंगापूर रोडचं लॉन्स बुक करतात, पत्रिका छापायला टाकतात आणि मग ऑफिसात येतात. दर दोन-तीन महिन्यांनी सूचनांमध्ये वाचायला लाव: लग्न ठरलं की आधी चर्चमध्ये या, निदान तीन महिने अगोदर. कागद असे: दोघांचे ताजे बाप्तिस्म्याचे दाखले, दृढीकरणाची नोंद, वयाचा पुरावा, विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र. लग्नाच्या दिवशी मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षांची पूर्ण हवी. फादर दोघांची चौकशी वेगवेगळी घेतात. त्या वेळी खोलीत आई, मावशी, कुणी बसायचं नाही, तूही नाही. मुलीला खरोखर मान्य आहे का, हे तिथेच कळतं.

बॅन्स, म्हणजे ठरलेल्या लग्नाची जाहीर सूचना, दोघांच्याही चर्चमध्ये वाचले जातात, त्यासाठी तीन रविवार धर. जोडीदार दुसऱ्या पंथाचा, पण बाप्तिस्मा झालेला असेल तर बिशपांची परवानगी लागते. बाप्तिस्माच झालेला नसेल तर सूट लागते, आणि ती नसेल तर चर्चच्या नियमाने लग्न वैधच ठरत नाही. परवानगीचं किंवा सूट दिल्याचं पत्र हातात येईपर्यंत तारीख पक्की म्हणू नकोस.

लग्न झालं की तुझं निम्मं काम उरतं. रजिस्टर भर, सह्या घे आणि आठवडाभरात दोघांच्या बाप्तिस्म्याच्या चर्चना पत्राने कळव. सोबत पोचपावतीची चिठ्ठी जोड. चिठ्ठी परत येईपर्यंत ती फाइल 'बाकी' गठ्ठ्यातच ठेव. हे पत्र गेलंच नाही, ही सगळीकडे आढळणारी चूक आहे आणि तिच्यामुळेच शेऱ्याची जागा कोरी राहते. शिवाय १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम ३० प्रमाणे दर तीन महिन्यांनी लग्नांचा तक्ता सरकारकडे जातो. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर लागला की तो आधी तयार कर.

मिस्साच्या (वेदीवरच्या मुख्य उपासनेच्या) इंटेन्शनसाठी, म्हणजे ती ज्या हेतूने किंवा ज्याच्यासाठी अर्पण करायची त्या नोंदीसाठी एकच डायरी ठेव, दुसरी वही नको. एका मिस्सासाठी एकच इंटेन्शन घ्यायचं हा मूळ नियम. एकत्र इंटेन्शन घ्यायची असतील तर देणाऱ्यांना तसं आधी सांगून, आणि बिशपांच्या नियमात बसेल तेवढीच. रविवारची एक मिस्सा फादर धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या सगळ्यांसाठी अर्पण करतात, तिच्यात बुकिंग घ्यायचं नाही. कुणाकडे पैसे नसतील तरी नाव लिही आणि रकमेच्या रकान्यात रेघ मार, त्यांना पुन्हा विचारू नकोस. वेदीवर जाणारी चिठ्ठी देवनागरीत, मोठ्या अक्षरात लिही. वाढदिवसाची नावं आणि मृतांची नावं वेगवेगळ्या कागदांवर हवीत. जिवंत आजीच्या आत्म्याला शांती मागितली गेली, तर त्या घराला ते कितीतरी दिवस लागून राहतं.

रविवारचं कलेक्शन दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी, त्याच दिवशी, उघड्या दारात मोजावं. नोटांच्या किमतीप्रमाणे तक्ता, दोघांच्या सह्या, सीलबंद पाकीट, सोमवारी बँकेत भरणा. त्यातूनच फुलवाल्याचे पैसे देऊन टाकायचे नाहीत. आधी सगळं जमा, मग व्हाउचरने खर्च. गुड फ्रायडेचं पवित्र भूमीसाठीचं आणि ऑक्टोबरातल्या मिशन संडेचं कलेक्शन पूर्णच्या पूर्ण पुढे पाठवायचं असतं, छप्पर गळत असलं तरी. छपरासाठी दिलेले पैसेही छपरालाच. परदेशी पासपोर्ट असलेल्या माणसाने, मग तो आपल्याच कॉलनीत वाढलेला का असेना, देणगी देऊ केली तर चर्चच्या साध्या खात्यात घेऊ नकोस. तो परदेशी निधी ठरतो, आधी फादरांना सांग. ८०जी ची (आयकरात सवलत देणारी) पावती मिळेल असंही कुणाला परस्पर कबूल करू नकोस.

मयताचा फोन कधीही येतो. क्रम ठरलेला असू दे: डॉक्टरांचा दाखला, महापालिकेची परवानगी, दफनभूमीच्या नकाशात जागेचा नंबर, मग खोदणारे. कुटुंबाची जुनी कबर उघडायची असेल तर आधीच्या दफनाची तारीख मृत्यूच्या रजिस्टरात बघूनच हो म्हण. काळ्या मातीत पावसाळ्यात कडा ढासळतात आणि खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून रात्री खणून ठेवायला सांगू नकोस. सकाळी खणायला लाव आणि वर ताडपत्री टाकायला सांग. त्या दिवशी घरच्यांकडे कागदांचा तगादा लावू नकोस. जे राहिलं ते सातव्या दिवसानंतर माग.

साक्रिस्ती, म्हणजे उपासनेचं सामान ठेवायची खोली, सिस्टर बघतात, तरी दोन गोष्टी तुलाही माहीत हव्यात. जून ते सप्टेंबर होस्टिया (प्रसादाच्या पातळ भाकऱ्या) दमट होतात, म्हणून एकदम महिन्याचा साठा न घेता दर आठवड्याला घ्यायच्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. आणि नाशकात वाइनरी पुष्कळ असल्या तरी कुणी प्रेमाने दिलेली बाटली वेदीवर जात नाही. मिस्साची वाइन शुद्ध द्राक्षांची, काहीही न मिसळलेली लागते. ती बिशप हाऊसने सांगितलेल्या ठिकाणाहूनच घ्यायची.

वेदीसेवक (मिस्साच्या वेळी वेदीपाशी मदत करणारी मुलं) आणि धर्मशिक्षणाची मुलं यांच्याबाबत थोडीही ढिलाई नको. एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस बंद खोलीत, असं कधीच नाही, मग तो कुणीही असो. एखादं मूल काही बोललं तर घटना खरी की खोटी हे तू ठरवायचं नाहीस. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चर्चची अब्रू सांभाळायची म्हणून कुणी थांब म्हणालं तरी थांबायचं नाही.

वर्षाच्या कॅलेंडरमध्ये १५ ऑगस्टला झेंडावंदन आणि मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकाच सकाळी येतात, तेव्हा मिस्साची वेळ शाळेशी बोलून ठरव. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेच्या शनिवार-रविवारी इथे लग्न किंवा मीटिंग ठेवू नकोस. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कुंभमेळ्यामुळे रस्ते बंद राहतील. त्या काळातली लग्नं आणि हरेगावच्या मतमाउली (मरियामाता) यात्रेच्या बस यांच्या तारखा पोलिसांचं वाहतुकीचं पत्रक बघूनच पक्क्या कर.

या आठवड्यात एवढं कर: गेल्या पाच वर्षांतल्या लग्नांची यादी काढ आणि प्रत्येकाच्या पोचपावत्या आल्या आहेत का ते तपास. ज्या नाहीत त्या चर्चना पत्रं लिही. मसुदा मला दाखवलास तर मी बघून देईन.

तुझ्या कामासाठी प्रार्थना करत आहे.