कान, नाक, घसा, दात यांच्या दुखण्यांचा आणि पक्षाघाताचा खरंच काही संबंध असतो का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की आई ६२ वर्षांच्या आहेत, महिन्यापूर्वी सकाळी अचानक घर गरगरल्यासारखं झालं, दोन दिवस उलट्या झाल्या आणि तेव्हापासून डाव्या कानाने कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले 'कानाचं आहे', शेजारच्या काकू म्हणतात 'मेंदूचं असणार'.

मी मुंबईत वाचा आणि गिळण्याच्या उपचारांचं काम करते. स्ट्रोकनंतर, म्हणजे पक्षाघातानंतर, ज्यांना बोलता किंवा गिळता येत नाही, त्यांच्यासोबत माझा दिवस जातो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण काकूंना अगदीच वेड्यात काढू नका. आमच्या घरात हीच गफलत झाली आणि तिच्यात मीही होते.

भांडुपचा माझा मामा. सकाळी दात घासताना भोवळ आली, दोनदा उलटी झाली. मामीने मला फोन केला. मी या धंद्यातली शहाणी, लगेच विचारलं, तोंड वाकडं झालंय का? नाही. दोन्ही हात वर करतो का? करतो. बोलताना जीभ अडखळते का? नाही गं, आवाज जरा बसलाय, उलट्यांनी असेल. मग मीच म्हटलं, कानाचं असेल, पडून राहू दे. जवळच्या डॉक्टरांनीही चक्करेची गोळी दिली. दुपारी उचकी लागली ती थांबेना. संध्याकाळी मामी गरम पाण्यात पंचा बुडवून त्याचं अंग पुसत होती, तर म्हणाला, "उजव्या बाजूला गार पाणी का लावतेस?" पाणी एकाच बादलीतलं. मामीने मला हे हसत हसत सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

बसलेला आवाज, उचकी, एका बाजूच्या अंगाला गरम-गार न कळणं, चालताना डावीकडे कलणं. मेंदूच्या देठाच्या कडेला, गिळणं आणि आवाज चालवणाऱ्या जागी रक्त बंद झालं की हे सगळं एकत्र येतं. वॉलेनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. यात हातापायातली ताकद शाबूत राहते. म्हणजे तोंड-हात-बोलणं ही जी तपासणी आपण सगळ्यांना शिकवतो, तिच्यात असा माणूस छान पास होऊ शकतो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. आम्ही अकरा तासांनी पोचलो.

म्हणून चक्करेबद्दल जरा सविस्तर. कूस बदलली, वर बघितलं की काही सेकंद गरगरतं आणि थांबतं, ही बहुतेक वेळा कानातले कण जागेवरून हलल्यामुळे येणारी चक्कर. डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ती बसवता येते, तिला घाबरायचं कारण नाही. पण तासन्‌तास थांबतच नाही, उलट्या होतात, आधाराशिवाय उभंही राहता येत नाही, अशी चक्कर पहिल्यांदाच आली तर ती कानाची का मेंदूची हे घरी ठरवू नये. दवाखान्यात जाणकार डॉक्टर अशा रुग्णाला नाकाकडे बघायला सांगून डोकं झटकन थोडं वळवतात. नजर सुटली आणि मग पुन्हा जागेवर आली, तर दोष कानाकडे. नजर अजिबात सुटली नाही, तर उलट मेंदूचा संशय! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हे उलटंच वाटलं होतं. डोळ्यांच्या अशा तीन चाचण्यांचा अमेरिकेत १०१ रुग्णांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला. त्यात या चाचण्यांनी सगळे स्ट्रोक पकडले, तर पहिल्या ४८ तासांत केलेल्या एमआरआयमधून १२ टक्के निसटले. तेव्हा 'एमआरआय नॉर्मल आला, आता निर्धास्त' असंही नसतं. आणि हे प्रकार यूट्यूब बघून आईवर करू नका.

आता ऐकू कमी येण्याचं. चक्करेबरोबर कान गेला तर तो कानाचाच आजार, असा एक जुना समज आहे आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो. पण आतल्या कानाला रक्त नेणारी धमनी फार बारीक असते आणि ती बहुधा लहान मेंदूकडे जाणाऱ्या एका धमनीचीच फांदी असते. चाळीत शेवटच्या खोलीला एकच नळजोडणी असावी, तसं. वरची लाईन बंद झाली की त्या खोलीचं पाणी आधी जातं, दुसरीकडून येत नाही. त्यामुळे कान जाणं ही कधीकधी मोठ्या बंदची पहिली खूण असते. तैवानमध्ये अचानक बहिरेपण आलेल्या रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यांना स्ट्रोक येण्याचं प्रमाण इतरांच्या १.६४ पट निघालं (हा अभ्यास २००८ मध्ये आला). याचा अर्थ कान गेला की स्ट्रोक येणारच असा नाही, बहुतेकांना तो येत नाही. पण बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघायचं निमित्त म्हणून हे पुरेसं आहे.

दुसरं असं की तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकू येणं एकदम घसरलं, तर ती कानाच्या डॉक्टरकडे धावत जायची गोष्ट आहे. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो. आपल्याकडे तेवढे दिवस 'मळ बसला असेल' म्हणून कोमट तेल घालण्यात जातात.

तोंड वाकडं होण्याबद्दल थोडक्यात. लोकलच्या खिडकीत बसलो, वारा लागला, सकाळी तोंड वाकडं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चेहऱ्याची नस सुजते तेव्हा कपाळाला आठ्याही घालता येत नाहीत आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही. कानामागे दुखतं, चव बदलते. स्ट्रोकमध्ये बहुधा कपाळ वाचतं आणि खालचा भाग ओघळतो. दोन्हींत दवाखाना गाठायचाच आहे, फक्त दुसऱ्यात मिनिटं मोजत.

घशाचा संबंध लोकांना माहीतच नसतो आणि आपल्या देशात मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जीवाणूच्या एका जातीने घसा धरला आणि नीट उपचार झाले नाहीत, तर काहींना संधिवाताचा ताप येतो. सांधे बरे होतात, हृदयाची झडप खराब होऊन बसते. वीस-पंचवीस वर्षांनी हृदयाचे ठोके बेताल होतात, आत गुठळी धरते आणि ती मेंदूत जाते. पस्तिशीतली बाई, अंग लुळं, बीपी नाही, साखर नाही, आणि स्टेथोस्कोप लावल्यावर झडपेचा आवाज, असे रुग्ण मी वॉर्डात पाहिलेत. लहानपणी दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलेलं असतं आणि 'आता बरी आहे' म्हणून मध्येच सोडलेलं असतं.

दात-हिरड्यांचं बघायचं तर हिरड्यांचा जुना आजार असलेल्यांमध्ये स्ट्रोक जास्त दिसतो. एकामुळेच दुसरं होतं हे मात्र सिद्ध झालेलं नाही, कारण तंबाखू आणि मधुमेह दोन्हींकडे हजर असतात. तरी फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जे छापलं ते वाचून मी चमकले होते. ७५ रुग्णांच्या मेंदूतून काढलेल्या गुठळ्या त्यांनी तपासल्या, तर ७९ टक्क्यांमध्ये तोंडात राहणाऱ्या जीवाणूंचा डीएनए सापडला. कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाने दात काढण्याआधी दाताच्या डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. तोंडातले जीवाणू झडपेवर जाऊन बसले तर तिथून सुटलेला कण मेंदू गाठू शकतो, म्हणून त्यांना आधी अँटिबायोटिक देतात.

नाकाचं फार काही नाही. घोळणा फुटला म्हणजे 'डोक्यात जाणारं रक्त नाकावाटे गेलं, ब्रेन हॅमरेज टळलं' हे प्रत्येक इमारतीत एक तरी आजोबा सांगतात; त्यात तथ्य नाही. साधं सायनस म्हणजे स्ट्रोक नव्हे. अपवाद काळ्या बुरशीचा. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात तिचे खूप रुग्ण झाले, ती नाकातून शिरून मेंदूच्या धमनीपर्यंत जाते आणि ती बंद करू शकते. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हा मात्र खरा धोका आहे, बीपी आणि हृदयाच्या ठोक्यांच्या वाटेने. रात्री लावायच्या मशीनने झोप सुधारते, पण आधीच हृदयाचा किंवा मेंदूचा झटका येऊन गेलेल्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत (२०१६) पुढचे झटके त्याने कमी झाले नाहीत.

सलूनमध्ये चंपीनंतर मान 'कटाक' करून देतात ना, त्याला माझा सरळ विरोध आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात आणि हिसक्याने आतून फाटू शकतात. क्वचित होतं, पण वीस रुपयांच्या सुखासाठी कशाला?

इथवर स्ट्रोकच्या आधीचं झालं. माझ्या रोजच्या कामात संबंध उलट्या दिशेने जास्त दिसतो. स्ट्रोक आलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांचं गिळणं सुरुवातीला बिघडतं. आणि माणूस कोसळला की घरातला पहिला आवाज असतो, "पाणी आणा!" तो घोट सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. गंमत म्हणजे, ज्याला ठसका लागतो त्याचं निदान कळतं तरी. काहींना पाणी चुकीच्या वाटेने जाऊनही खोकला येत नाही, दोन दिवसांनी ताप येतो आणि छातीत न्यूमोनिया निघतो. तेव्हा स्ट्रोकचा संशय आला की पाणी नाही, चहा नाही, गोळीसुद्धा नाही. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल गाठा. गिळण्याची तपासणी झाल्यावरच तोंडात काही घालायचं.

मामाच्या नाकात पाच आठवडे नळी होती. मामी विचारायची, "तोंडाने खातच नाही, तर दात कशाला घासायचे?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. लाळ तर गिळली जातेच, आणि घाण तोंडातली लाळ फुप्फुसात उतरली की न्यूमोनियाचा धोका वाढतो. मी लहान मुलांचा मऊ ब्रश वापरते, पाणी अगदी नावाला, माणूस कुशीवर किंवा बसलेला. आणि टॉर्च मारून लुळ्या बाजूचा गाल बोटाने ओढून बघते. एकदा एका आजोबांच्या गालात सकाळी साडेनऊला आदल्या दिवशीचा वरणभात निघाला. त्यांना तो तिथे आहे हेच जाणवत नव्हतं. कवळी असेल तर रात्री काढायचीच.

पहिलं खाणं बहुधा पाण्यासारखं पातळ नसतं. मामाला आधी चमचाभर घट्ट नाचणीचं सत्त्व दिलं, ताठ बसवून, मान डावीकडे वळवून, म्हणजे घशाची निकामी बाजू मिटते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. प्रत्येक घासानंतर 'आ' म्हणायला लावायचं. आवाज गुळण्या केल्यासारखा ओला आला, तर घास आवाजपेटीवर अडकलाय. हे सगळं तपासणी करून माणसागणिक ठरतं, मामाचं आईंना लागू करू नका. चहा त्याला तीन महिन्यांनी मिळाला, तोही घट्ट करून. त्याने एक घोट घेतला आणि "हा चहा आहे?" असं विचारून कप परत केला.

आता तुमच्या आईंचं. महिना उलटलाय, म्हणून रात्री धावत सुटू नका, पण या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून ऐकण्याची नीट चाचणी करून घ्या. खर्चाचा प्रश्न असेल तर महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत होते, वांद्र्याच्या अली यावर जंग या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या संस्थेतही होते. 'चक्कर आणि कान एकाच दिवशी, दोन दिवस उलट्या' हे याच शब्दांत सांगा, कारण एमआरआय करायचा की नाही हे त्यावर ठरेल. बीपी, साखर आणि एक ईसीजी करून घ्या. घोट घेताना ठसका लागतो का, आवाज बदललाय का, चालताना एकीकडे झोक जातो का, हे तुम्ही स्वतः बघा; विचारलंत तर त्या 'काही नाही गं' म्हणतील. नवीन चक्कर, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, काहीही झालं तर मात्र त्याच क्षणी हॉस्पिटल. आणि ऐकण्याच्या चाचणीचा तो आलेखाचा कागद फाइलला लावून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला डॉक्टर तोच मागतात.