वडिलांना दिलेली केटामाइनची भूल

ताई, वडिलांना भाजल्याच्या ड्रेसिंगला केटामाइन दिलं, त्यानंतर ते अर्धा-पाऊण तास छताकडे बघत काहीबाही बरळले आणि भावाने नेटवर 'घोड्याची भूल' असं वाचून सगळ्यांना घाबरवलं, एवढंच ना? मी भूलतज्ज्ञ आहे, सुरुवातीची सात वर्षं तालुक्याच्या ठिकाणी काढली, तिथे या औषधानेच मला तारलंय.

घोड्यांना देतात हे खरंय, पण अमेरिकेत माणसांसाठी १९७० लाच मंजुरी मिळाली आणि व्हिएतनाम युद्धातल्या जखमींना हेच दिलं जायचं. प्रोपोफॉल हे भुलीचं नेहमीचं औषध झोपवतं पण दुखणं मारत नाही, वर श्वास मंदावतो, बीपी पडतं. केटामाइनचं बरोब्बर उलटं, किलोला १ ते २ मिलिग्रॅम शिरेतून गेलं की मिनिटभरात माणूस जगापासून तुटतो, डोळे उघडे, बुबुळं हलतायत, पण जखमेवरचं चिकटलेलं कापड ओढलं तरी कळत नाही, श्वास बहुतेकदा स्वतःचा चालू आणि बीपी उलट थोडं चढतं. म्हणून भाजलेले पेशंट, अपघातात रक्त गेलेले, हाड बसवणं, दम्याचा पेशंट अशा ठिकाणी त्याची आठवण येते. शीरच सापडत नसेल तर मांडीत पण देता येतं, लहान मुलांत हे फार कामाला येतं.

आता बरळण्याचं. भूल उतरताना भास होतात, मोठ्या माणसांना जास्त. एक आजोबा माझा हात धरून बैलांना हाका मारत होते, दुसऱ्या दिवशी विचारलं तर काही आठवेना! मिडाझोलम हे गुंगीचं औषध जोडीला दिलं की हे कमी होतं, आणि त्या वेळी पेशंटला हलवून हलवून 'बाबा ओळखलं का' करू नका, शांत पडू द्या. तोंडाला लाळ सुटते त्याचंही इंजेक्शन असतं.

नशेसाठी गैरवापर होतो, म्हणून आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, कुलपात ठेवून हिशेब ठेवावा लागतो. पण ड्रेसिंगपुरत्या डोसने वडिलांना चटक लागेल ही भीती सोडा.

पुढच्या ड्रेसिंगआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना मागच्या वेळचं बरळणं नक्की सांगा, बीपी, हार्ट किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा, आणि उपाशी ठेवायला सांगितलंय तर चहाचा घोट सुद्धा देऊ नका, श्वास चालू राहतो म्हणजे उलटी छातीत जाणारच नाही असं नसतं.