सरपंच मी, पण बोलतात दुसरेच

प्रश्न : ताई, मी आदिवासी पाड्यावरची, यंदा सरपंच झाले. पण ग्रामसभेत बोलतात माझे मिस्टर, मी फक्त सही करते. बायका येतात त्या मागे बसतात न् गप्प राहतात. काय करू? (एक वाचक, पालघर)

उत्तर : अगं, आधी महिला सभा घे. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायचीच असा आपल्याकडे नियमच आहे, कुणाची परवानगी मागायची नाही. तिथं पाणी, रेशन, वनहक्काचे दावे (म्हणजे जंगलावरच्या आपल्या हक्काचे अर्ज) सगळं बोलून ठराव लिहून घ्या न् मग तोच कागद घेऊन मोठ्या सभेत तू स्वतः वाच, हात थरथरला तरी वाच. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका असाव्याच लागतात, तेही बघ, कारण मोहफुलं वेचायला जंगलात आपणच जातो ना! मिस्टरांना घरी शांतपणे सांग, सभेत खुर्ची माझी. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या, गावठी बियाणं जपलं, 2020 ला पद्मश्री मिळाली. तुझं शिक्षण किती ते मी विचारतच नाहीये. पहिल्या सभेनंतर काय झालं ते मला नक्की कळव, मी वाट बघतेय.