‘मी विचारलं आणि त्याच्या डोक्यात भरलं तर?’

मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या शाळेत दोन दिवसांचं प्रशिक्षण घेत होते. समोर शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, दोन अंगणवाडीताई आणि गावातल्या पोरांना कबड्डी शिकवणारा एक तरुण. वयात येणाऱ्या मुलांचं मन ढासळायला लागलं की ते ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर बोलायचं काय, एवढाच विषय. आत्महत्येचा भाग सुरू झाला तशी सगळ्यांची चुळबुळ वाढली. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, त्याच्या मनात तसलं काही नसेल आणि मी विचारलं, तर मीच भरवल्यासारखं नाही का होणार?"

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत जिथे म्हणून हे प्रशिक्षण घेतलं, तिथे हा प्रश्न निघालाच. पोरांची मनापासून काळजी असणारी माणसंच तो विचारतात.

तर आधी सरळ उत्तर देते: नाही भरत. 2005 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या 6 हायस्कुलांमधल्या 2 हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल स्पष्ट विचारलं होतं, काहींना नव्हतं. दोन दिवसांनी पुन्हा तपासलं, तर विचारल्यामुळे कुणाचा त्रास वाढलेला दिसला नाही. उलट जी मुलं आधीच नैराश्यात होती, त्यांना विचारल्यावर थोडं हलकंच वाटलेलं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

पण अभ्यास ऐकून जीभ रेटत नाही, हेही मी पाहिलंय. म्हणून त्या दिवशी मी त्यांना याच पट्ट्यातल्या एका सरांची गोष्ट सांगितली. मुलाची आणि घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा दहावीतला. वडील मुंबईहून नोकरी सुटून गावी परतलेले, घरात रोजची कुरबुर. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो याचा आपल्याला केवढा अभिमान असतो, पण ज्याचा पहिल्या चाचणीत गणिताचा पेपर गेलाय त्याच्या कानात तो अभिमान कसा वाजत असेल, याचा विचार आपण करत नाही. मुलगा गप्प झाला होता, वर्गात डोकं टेकून झोपायचा. "वयच तसं आहे," असं म्हणून स्टाफरूममध्ये विषय मिटला होता.

सरांना खटकलं ते वेगळंच. संध्याकाळी साकवावरून घरी जाताना त्यांना या मुलाचा मित्र खाडीत पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, टाकताना दिसला. पाग ओळखीचा होता. मुलाच्या आज्याने हाताने विणलेला, कडेचे शिसाचे मणी झिजून गुळगुळीत झालेले. तो पाग हा मुलगा कुणाला हात लावू द्यायचा नाही. मित्र म्हणाला, "माकाच दिल्यान. तो म्हणालो, आता नको माका."

सर रात्रभर तळमळले. जीवापाड जपलेली वस्तू कुणी अशी सहज देऊन टाकली तर थांबून चौकशी करायची, हे त्यांनी प्रशिक्षणात ऐकलं होतं. सकाळी त्यांचा मला फोन. "विचारतो मी. पण कसं विचारू?"

मी म्हटलं, तुमच्या मनात जे वाक्य आहे ते म्हणून दाखवा. ते म्हणाले, "तू असलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना रे?"

बहुतेक सगळे असंच विचारतात. या वाक्यात उत्तर आधीच घातलेलं असतं: ‘नाही’ म्हण आणि मला सोडव. आणि पोरं शहाणी असतात, ती आपल्याला सोडवतात. मग मरण्याचं सरळ नाव घेऊन विचारायचा आम्ही फोनवरच सराव केला. तिसऱ्या वेळी त्यांच्या तोंडून शब्द नीट आला.

मधल्या सुट्टीत ते मुलाला घेऊन शाळेच्या मागच्या पायरीवर बसले. पागाचं विचारलं, झोपेचं विचारलं. मग घरच्या भाषेत म्हणाले, "मरूचे विचार मनात येतत काय रे तुझ्या?"

बराच वेळ तो चपलेने वाळू उकरत राहिला. मग म्हणाला, "येतत. पण आवशीक सांगू नकात."

सरांनी मला नंतर सांगितलं, "मॅडम, मला भीती त्याच्या डोक्यात भरवण्याची नव्हतीच. तो ‘हो’ म्हणाला तर मी काय करू, याची होती." माझ्या मते खरी गाठ इथेच आहे. म्हणून ‘हो’ आल्यावरची वाट आधीपासून ठाऊक असावी लागते. सरांनी उपदेश केला नाही, आईबापांच्या कष्टांची आठवण करून दिली नाही. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाले. कसं, कधी, असं काही ठरवलंयस का, तेही विचारलं. गुपिताचं वचन मात्र दिलं नाही: "आवशीक सांगूक व्हया, पण तुझ्यासमोर सांगू, दोघा मिळान." आणि आई येईपर्यंत त्याला एकटं सोडलं नाही.

आई आली ती रडतच. पहिलं वाक्य, "आता ह्येका रत्नागिरीक व्हरूचा काय?" रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 सालचं, आपल्याकडे त्या गावाचं नाव घेतलं की माणसावर शिक्का बसला असंच धरतात. या भीतीपोटी किती घरांनी मुलांचं दुखणं दाबून ठेवलं असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. त्यांना समजावलं, भरती करायची गरज नाही, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू. त्याच संध्याकाळी वडिलांनी आंब्यावर फवारायची औषधं उचलून शेजाऱ्याच्या कुलूपबंद खोलीत ठेवली. रात्री-अपरात्री लागला तर म्हणून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घातला. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं.

उपचार सरांनी केले नाहीत, त्यांनी करायचेही नव्हते. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, आठवड्याला एकदा मी भेटत होते. पहिले दोन महिने अवघड गेले, एकदा तर पुन्हा सगळं सुरुवातीपाशी आल्यासारखं वाटलं. सर रोज एवढंच करायचे: हजेरी झाली की त्याच्या बाकापाशी जाऊन विचारायचे, "काल झोप लागली?"

परवा त्यांचा फोन आला होता. पाग अजून मित्राकडेच आहे. पण रविवारी ओहोटीला दोघं मिळून खाडीवर जातात.