युद्ध चालू असताना फौजीच्या घरच्यांनी न्यूज चॅनेल बघावेत का?

नाही. बघू नयेत.

तुम्ही लिहिलंय की भाऊ नुकताच फौजेत लागलाय, पोस्टिंग बॉर्डरला आहे, आणि पुन्हा मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षासारखं काही झालं तर टीव्ही लावून बसावं की बंद ठेवावा. माझे मिस्टर तेव्हा जम्मूच्या बाजूला फील्डला होते. कुठल्या युनिटला ते लिहिणार नाही, का ते पुढे कळेल.

आम्ही विश्रांतवाडीला राहतो. मी, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. लोहगावच्या एअरफोर्स तळाची विमानं डोक्यावरून गेली की खिडक्या थरथरतात, त्याचं आम्हाला काही वाटत नाही, रोजचंच आहे. पण ८ मेच्या रात्री धरमशालाची आयपीएलची मॅच मधेच बंद झाली, मोठे भाऊजी आमच्याकडेच जेवायला होते, त्यांनी हात न धुताच रिमोट घेतला आणि न्यूज लावली, आणि तिथून जे सुरू झालं ते रात्री दीडपर्यंत. सायरन वाजतायत, ते पण स्टुडिओतले! कराची बंदर उडवलं, आता इस्लामाबाद घेतलं, अँकर उभा राहून ओरडतोय. सासूबाईंना वाटायचं सायरन लोहगावला वाजतोय, त्या दर वेळी गॅलरीत जाऊन बघून यायच्या. बीपीची गोळी घेतली की नाही तेच त्यांना आठवेना. मधेच नकाशा आला, त्यावर लाल गोल, तर भाऊजी उठून स्क्रीनवर बोट ठेवून सांगतात, "आपला इथे असेल बघ." अहो, मला बायको असून माहीत नाही, आमच्याकडे पत्ता म्हणजे केअर ऑफ ५६ एपीओ, फौजेचं पोस्ट ऑफिस, जागेचं नावच नाही! मुलगा म्हणाला, काका, हा स्फोट गेममधला आहे, मघाशी दुसऱ्या चॅनेलवर हाच दुसऱ्या गावाच्या नावाने दाखवला. तर त्यालाच ओरडले, तुला काय कळतंय म्हणून.

कराची, इस्लामाबाद सगळं खोटं निघालं हे आता सगळ्यांना माहितीये. नंतर १० मेला सरकारला वेगळं सांगावं लागलं की कार्यक्रमात सायरनचा आवाज वापरू नका, लोक खऱ्या सायरनला पण सीरियसली घेणार नाहीत. त्याआधी २६ एप्रिललाच सूचना निघालेली, लष्करी हालचाली लाइव्ह दाखवू नका, त्यात कारगिल, २६/११ आणि कंदहारच्या विमान अपहरणाचा उल्लेखसुद्धा होता. कुणी ऐकलं?

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. त्या मॅचच्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीच्या गेटवर एक पोरगा माइक घेऊन हजर, कुठल्यातरी लोकल यूट्यूब चॅनेलचा. म्हणे मॅडम, मिस्टरांचा युनिफॉर्ममधला फोटो हातात घेऊन बसा, आणि "बदला हवाय" एवढं बोला. नंबर कुणी दिला? भाऊजींनी. मी दार लावून घेतलं, तर भाऊजी स्वतः खाली पार्किंगमध्ये उभे राहून बाइट देऊन आले. भावाचं नाव, रँक, युनिट, कुठल्या सेक्टरला आहे, सगळं! ते सेक्टर तरी खरं होतं की नाही देव जाणे. वर मला म्हणतात, फौजीची बायको असून एवढी घाबरतेस? घाबरण्याचा प्रश्नच नाही भाऊजी. माझा नवरा कुठे आहे हे अख्ख्या पुण्याला सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तर तुमच्या घरी असा एखादा काका असेलच, त्याला आधी सांभाळा. युनिट, जागा, सुट्टीला कधी येणार, ट्रेन कुठली, हे शेजाऱ्यांना नाही, स्टेटसला नाही, आणि माइकवाल्याला तर नाहीच. युनिटच्या बाकी फॅमिलींचे नंबर आत्ताच घेऊन ठेवा. देव न करो, पण काही झालंच तर घरी आधी युनिटकडून कळवतात, नाव जाहीर करणं त्यानंतर. दोन दिवस फोन लागला नाही तर त्याचा अर्थ एवढाच की फोन लागत नाही. मिस्टरांचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "आईचा टीव्ही बंद केलास का?" त्यांना बरोबर माहीत, आमच्याकडे काय चाललं असेल.

हां, बातमीच बघू नका असं मी म्हणत नाहीये. तेव्हा रोज परराष्ट्र सचिव मिस्री साहेबांची ब्रीफिंग व्हायची, सोबत कर्नल सोफिया कुरेशी हिंदीत आणि विंग कमांडर व्योमिका सिंग इंग्लिशमध्ये, ती पूर्ण बघा, यूट्यूबवर मिळते, ओरडाआरडा नाही. सकाळचा पेपर वाचा. पूंछमध्ये गोळीबारात साधी माणसं, लहान मुलं गेली हे तिथल्या पत्रकारांनी जीव धोक्यात घालून कळवलं, त्यांना मी या स्टुडिओवाल्यांच्या रांगेत बसवणार नाही. आणि घरात म्हातारी माणसं असतील तर टीव्ही एकदम बंद करू नका, त्यांना वाटतं आपल्यापासून काहीतरी लपवतायत. सासूबाईंना मी दुसऱ्या दिवसापासून कीर्तन लावून दिलं.

मोठे भाऊजी हे वाचणार, मला माहितीये. ती क्लिप अजून तुमच्या फेसबुकवर आहे, आधी काढा, मग गणपतीला या जेवायला.